पंचवीस अंशांच्या वर

ऑस्कर आमच्या घरी सहा आठवड्यांसाठी आला, आणि येताना टाइप केलेली तीन पानं घेऊन आला. कुत्र्याबद्दल माझं मत कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे ते मी दिलं नाही. पण ती तीन पानं माझ्या हातात ठेवणं ही मात्र विक्रांतची चूक. मी केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. टाइप केलेला, कलमवार कागद हातात आला की मी त्याला सर्क्युलर समजतो आणि अंमलबजावणीला लागतो. अठरा वर्षांची सवय होती, तिला इलाज नव्हता.

विक्रांत म्हणजे माझा मेहुणा, कल्पनाचा धाकटा भाऊ. तेव्हा, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, गुडगावात नुकत्याच उंच इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या आणि विक्रांत आणि त्याची बायको मयुरा त्यातल्या एकीत अकराव्या मजल्यावर राहत होते. परदेशी कंपनी, दोन एसी, पांढरी गाडी. त्या वर्षी गुडगावात मोठा कुत्रा असल्याशिवाय माणसाला प्रमोशन देत नसावेत, कारण त्याच्या मजल्यावरच्या चारही घरांत एकेक होता. विक्रांतने सगळ्यांवर कडी केली आणि सेंट बर्नार्ड आणला. ही जात बर्फात गाडल्या गेलेल्या माणसांना हुंगून बाहेर काढते म्हणे. आम्ही राहतो मयूर विहारला. तिथे बर्फात कोणी गाडलं गेल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

"जिजाजी, फक्त सहा हफ्ते," विक्रांत म्हणाला. "परदेशातल्या ट्रेनिंगला मयुरापण येतेय बरोबर. यार, केनेलमध्ये ठेवला तर मरेल तो. तुमच्याइतका जबाबदार माणूस मला माहीत नाही."

हे वाक्य मला उद्देशून आजवर फक्त दोघांनी उच्चारलं आहे आणि दोन्ही वेळा त्यानंतर माझ्यावर काहीतरी लादलं गेलं. पण मी पाघळलो. ऑस्करचं वजन बहात्तर किलो, माझं चौपन्न. आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो शिरला तेव्हा कल्पना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अहो, हा बसला की मी बाहेर कशी येणार?" तिने विचारलं. प्रश्न योग्य होता. पुढचे सहा आठवडे आम्ही एकमेकांना ऑस्करच्या वरून वस्तू देत होतो.

आमची मृणाल त्या वेळी बारा वर्षांची. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "बाबा, हा किती प्यारा आहे!" तिचं मराठी दिल्लीच्या हवेत जरा उडालं होतं, पण मुद्दा मला समजला.

आता ती पानं. वर ठळक इंग्रजीत शीर्षक होतं, ज्याचा अर्थ 'उष्ण हंगामात पाळीव कुत्र्यामांजरांचे आरोग्य व सुरक्षितता'. एकंदर चौदा कलमं. ऑस्करचं मूळ घराणं ज्या देशातलं, तिथल्याच कोणी हे लिहिलेलं होतं. कलम एक असं: 'तापमान पंचवीस अंशांच्या वर गेल्यास प्राण्यास थंड खोलीत ठेवावे.' मी दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता बाल्कनीत जाऊन थर्मामीटर पाहिला. एकतीस. मे महिन्याची अकरा तारीख होती आणि दिल्लीचा उन्हाळा अजून हातपाय पसरत होता. कलम एकप्रमाणे ऑस्करला आता थेट ऑक्टोबरपर्यंत थंड खोलीत ठेवणं भाग होतं.

आमच्याकडे थंड खोली नव्हती. एक डेझर्ट कूलर होता. तो बैठकीच्या खिडकीला बाहेरून टांगलेला होता, आणि आवाज असा की आत बसणाऱ्याला विमानतळावर राहिल्यासारखं वाटावं. मी फाइल उघडली. नाव दिलं: 'ऑस्कर (कुत्रा): उन्हाळी व्यवस्था'. डाव्या बाजूला माझे शेरे, उजव्या बाजूला पत्रव्यवहार. कल्पनाने ती फाइल पाहिली आणि कपाळावर हात मारला नाही, एवढंच. हात पिठाचे होते.

मग मी एकेक कलम घेतलं. कलम तीन: 'प्राण्यास उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवू नये.' मोटार नाही, सबब लागू नाही. कलम चार: 'फिरायला नेण्यापूर्वी हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून पाहावी. चटका बसल्यास नेऊ नये.' हे लागू होतं. म्हणून मी संध्याकाळी साडेसहाला सोसायटीच्या फाटकाबाहेर उकिडवा बसलो, हात डांबरावर टेकवला आणि मोजायला लागलो. चारपर्यंत आलो होतो तेवढ्यात मागून ओरडा झाला, "लू लग गई अंकलजी को!" आणि बादलीभर पाणी माझ्या डोक्यावर आलं. पलीकडच्या गाडी दुरुस्तीवाल्याने मोठ्या मायेने ओतलं होतं. पाण्यात थोडं ऑइल होतं. दोन जणांनी मला उचलून सावलीत नेलं आणि माझ्या तळपायांना कांदा चोळायची भाषा करू लागले. मी खरं कारण सांगितलं तेव्हा त्यांच्या नजरेतली माया गेली आणि दुसरंच काहीतरी आलं.

त्या दिवसापासून माझं नाव पुसलं गेलं. सात वर्षं त्या सोसायटीत राहत होतो. दारावर पितळी पाटी आहे, 'मुरलीधर खांबेटे'. पण दूधवाला, इस्त्रीवाला, फाटकावरचा गार्ड सगळे मला "बड़े कुत्ते वाले" म्हणायला लागले. एकदा मंत्रालयातून माझ्या नावे डाक आली तर गार्डने ती परत पाठवायला काढली होती. खांबेटे नावाचं इथे कोणी राहत नाही म्हणाला. मी पाकीट त्याच्या हातातून घेतलं. पण आत लागलं.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. तळमजल्यावर गुलाबराव राहतात, रेल्वेतून निवृत्त, मूळचे जळगावचे. सोसायटीत मराठी बोलणारी आमची दोनच घरं, त्यामुळे आमच्या भल्याबुऱ्याची जबाबदारी त्यांनी परस्पर घेतलेली. "खांबेटे साहेब, सरळ न्हाव्याला बोलवा आणि भादरून टाका," ते म्हणाले. "एवढी लोकर अंगावर घेऊन कोण जगेल हो या उन्हात?"

"कलम नऊ," मी म्हणालो. "अंगावरचे केस मुळापासून कापू नयेत. ते उन्हापासून संरक्षण करतात."

"कलमाला काय कळतंय? कलम जळगावला आलंय का कधी मे महिन्यात?"

मी ठाम राहिलो. त्याचा परिणाम असा झाला की येणारा जाणारा मला निर्दय समजू लागला. "बेचारे को कंबल पहना रखा है," असं बायका माझ्याकडे बघून बोलत. कोणी सांगितलं लस्सी पाजा, कोणी सांगितलं कैरीचं पन्हं, कोणी म्हणालं पोटावर मुलतानी माती थापा. माती थापायचा प्रयोग मृणालने माझ्या गैरहजेरीत केला. मग ऑस्करने अंग झाडलं. आमच्या बैठकीच्या भिंतीवर अजून ते डाग आहेत, मी रंग लावू दिलेला नाही.

कलम बारा मांजरांविषयी होतं: 'उन्हाळ्यात मांजरांना उंच कठड्यावर झोपू देऊ नये, झोपेत पडण्याचा धोका असतो.' आमच्याकडे मांजर नव्हतं. पण संबंधितांच्या माहितीसाठी प्रत पाठवणं हे माझं कर्तव्यच. म्हणून मी कलमाची प्रत आमच्या खालच्या मजल्यावरच्या घोषालबाईंच्या दाराखालून सरकवली. त्यांची मिष्टी रोज कठड्यावर झोपे. बाईंनी ती मांजराविरुद्धची तक्रार समजली आणि माझ्याशी बोलणं टाकलं. मिष्टीला मात्र त्या दिवसापासून आत झोपवायला लागल्या. फाइलवर मी शेरा मारला, 'अनुपालन झाले.'

कलम सातमध्ये 'स्थानिक पशुवैद्यकाशी आधीच ओळख करून ठेवावी' असं होतं. मी एक दिवस रजा टाकली आणि ऑस्करला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो. रिक्षावाल्याने आम्हा दोघांकडे पाहून तीन सवाऱ्यांचं भाडं मागितलं. खिडकीवरच्या माणसाने फॉर्म दिला. त्यात पर्याय होते गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी आणि अन्य. 'अन्य'वर खूण केल्यावर त्याने पुढचा प्रश्न विचारला.

"मालिक का नाम?"

"विक्रांत. पण ते परदेशात आहेत... मतलब बाहर गए हैं."

"तो आप कौन?"

"जीजा."

"कुत्ते के?"

रांगेतले लोक हसले. एक बकरीसुद्धा ओरडली. मालकाचं अधिकारपत्र आणल्याशिवाय कार्ड बनणार नाही, असं त्याने सांगितलं, आणि खरं सांगतो, मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. सुदैवाने आतली डॉक्टरीणबाई बाहेर आली. कार्डाशिवायच तिने ऑस्करचा जबडा उघडून पाहिला आणि मला नीट समजावलं. जास्त तापला तर पंजे आणि पोट साध्या पाण्याने ओलं करा, एकदम बर्फाचं पाणी ओतू नका, लगेच गारव्याला न्या. हिरड्या गुलाबी आहेत तोवर ठीक. "गहरे लाल हो जाएँ, तो फिर फ़ाइल मत खोलिएगा," ती माझ्या काखेतल्या फाइलकडे बघत म्हणाली. "जहाँ ठंडक मिले, उठाकर ले जाइए."

मी ते लिहून घेतलं. फाइलमध्येच.

आता सचदेवा. आमच्या मैत्रेयी अपार्टमेंट्सचे सेक्रेटरी. करोलबागेत पडद्यांचं दुकान, चार मजली आवाज, आणि सोसायटी ही आपली खाजगी मालमत्ता असल्याचा प्रामाणिक समज. त्या वर्षी त्यांनी सगळ्यांकडून वर्गणी काढून कम्युनिटी हॉलला एसी बसवला होता, आणि भिंतीवर स्वतःच्या सहीचा नियम लावला होता: 'एसी केवल मीटिंग के दौरान चलेगा.' बत्ती गेली तर जनरेटरवर लिफ्ट, पाण्याचा पंप आणि हॉल एवढंच चालायचं. मीटिंग नसेल तर हॉलला कुलूप. किल्ली त्यांच्या कमरेला.

सचदेवांचं आणि ऑस्करचं वैर लिफ्टमध्ये सुरू झालं. सचदेवा नवा कोरा क्रीम सफारी घालून भाच्याच्या साखरपुड्याला निघाले होते. ऑस्करला गरम होत होतं. गरम झालं की तो लाळ गाळतो आणि मान हलवतो, यात त्याचा काही वाईट हेतू नसतो. दुसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत येईतो सफारीचा रंग बदललेला होता. दुसऱ्या दिवशी मला नोटीस आली. लिफ्ट घाण करणे, पाणीटंचाईत कुत्र्यासाठी रोज दोन बादल्या वापरणे, कूलरचं पाणी खाली ठिबकणे, रहिवाशांत भीती पसरवणे. चोवीस तासांच्या आत प्राणी सोसायटीबाहेर काढावा.

मी उत्तर लिहिलं, तीन परिच्छेदांत. उपविधी क्रमांक बावीसप्रमाणे असा आदेश फक्त सर्वसाधारण सभा काढू शकते, आणि ज्याच्याविरुद्ध आदेश काढायचा त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यानंतरच. दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय हुकूम नाही, हे तत्त्व ब्रिटिशांनाही मान्य होतं. सचदेवांनी दात खात सभा बोलावली. रविवार, एकतीस मे, दुपारी बारा.

खरं सांगायचं तर तोवर मी वाकलो होतो. ऑफिसात झोप येत होती, कारण रोज पहाटे साडेचारला बहात्तर किलो मला दोरीने ओढत यमुनेच्या दिशेने न्यायचे. बर्फाची लादी स्कूटरवर बांधून आणायचो ती घरी येईपर्यंत पायलीएवढी उरायची आणि माझी पँट मागून भिजलेली असायची. शेजारी बोलत नव्हते. कल्पना बोलत होती, ते जास्त अवघड होतं. "अहो, तुमचं ब्लडप्रेशर बघा. विक्रांतच्या ऑफिसला फोन करा, घेऊन जाऊ देत." शनिवारी मी फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, सरांनी सांगून ठेवलंय, काही प्रॉब्लेम आला तर डॉग सरळ बॉसच्या फार्महाउसवर सोडायचा, तिथे गेटला बांधायला हवाच आहे एक. सोमवारी गाडी पाठवू का? मी 'कळवतो' म्हणालो आणि रात्री माघारीचं पत्र लिहून ठेवलं. 'सभेच्या भावनांचा आदर करून सदर प्राणी हलवण्यात येत आहे.' मृणालने ते वाचलं आणि जेवली नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून गेला. वीज मंडळाचा माणूस येऊन बघून गेला आणि म्हणाला, "तीन दिन." थर्मामीटर त्रेचाळीसवर होता. साडेदहाला पंचेचाळीस. कूलर बंद, पंखे बंद. आम्ही ऑस्करला न्हाणीघरात ओल्या फरशीवर ठेवलं. तो उभाच राहीना. नेहमी मी खोलीत आलो की शेपटी दोनदा आपटायचा. त्या दिवशी आपटली नाही. श्वास असा चालला होता की मृणालने कानावर हात ठेवले. कल्पना, जी कालपर्यंत त्याला घालवा म्हणत होती, ती त्याच्या पंजांवर तांब्याने पाणी घालत खाली बसली होती, साडी भिजवून. मी त्याचा ओठ वर केला. हिरड्या गडद लाल.

दवाखाना रविवारी बंद. डॉक्टरीणबाईचा घरचा नंबर नाही. रिक्षा त्या उन्हात एकही नाही. मी पायऱ्या उतरून खाली गेलो, कारण काहीतरी करायला हवं होतं, आणि हातात माघारीचं पत्र होतं. ते एकदाचं देऊन टाकावं आणि सचदेवांकडे त्यांची गाडी मागावी, एवढंच डोक्यात होतं. हॉलचं दार ढकललं आणि गार हवा तोंडावर आली.

आत सचदेवा, कमिटीचे चार जण आणि गुलाबराव. जनरेटर चालू, एसी चालू, भिंतीवर तो नियम. एसी फक्त मीटिंगच्या वेळी चालेल.

मी दारातच उभा राहिलो. आयुष्यात मी कधी कोणाशी भांडलेलो नाही. बस कंडक्टरशीसुद्धा नाही. पण अठरा वर्षं सरकारात काढली, आणि सरकारात एक गोष्ट मला येते, जी सचदेवांना येत नव्हती. मला सभा लांबवता येते. मी पत्र फाडलं आणि वरच्या मजल्याकडे तोंड करून ओरडलो, "कल्पना! पार्टीला खाली आण!"

चार जणांनी मिळून सतरंजीवरून ऑस्करला लिफ्टमध्ये घातलं. त्यातले एक गुलाबराव. "सांगितलं होतं, भादरून टाका," ते धापा टाकत म्हणाले, पण सतरंजीचं सगळ्यात जड टोक त्यांनीच धरलं होतं.

"ये क्या है?" सचदेवा उठले. "कुत्ता हॉल में?"

"जिनके खिलाफ ऑर्डर निकालना है, उनकी हाजिरी जरूरी है," मी म्हणालो. माझं हिंदी नेहमी जरा सरकारी होतं, रागात जास्त होतं. "उपविधी बाईस. आप चाहें तो मीटिंग रद्द कीजिए. फिर ऑर्डर भी रद्द."

सचदेवा बसले. ऑस्कर एसीच्या बरोबर खाली आडवा झाला. मृणाल त्याच्या पोटावर ओलं फडकं फिरवत बसली. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. दिल्लीचं ऊन सहाच्या आत कलत नाही. म्हणजे मला सहा तास हवे होते.

प्रथम मी गणपूर्तीचा मुद्दा काढला. उपविधीप्रमाणे बावीस सभासद हवेत, हजर सात. माणसं बोलवायला गार्ड गेला, अर्धा तास. हॉलमध्ये एसी चालू आहे ही बातमी त्याच्याबरोबर गेली आणि तळमजल्यापासून चौथ्यापर्यंतचे लोक उशा, पोरं आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आले. मग मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून मंजूर करायचा आग्रह धरला. ते इंग्रजीत होतं, हिंदीतही असावं अशी हरकत घेतली, हिंदीत वाचलं. मग त्यातल्या तारखांवर हरकत. दीड वाजला. मग तक्रारदार कोण? सचदेवा स्वतः तक्रारदार असतील तर अध्यक्षपदी बसू शकत नाहीत. नवा अध्यक्ष निवडा. निवडणुकीत गुलाबराव बिनविरोध आले आणि त्यांनी आभाराचं भाषण केलं, त्यात त्यांची भुसावळची नोकरी सुरुवातीपासून आली. त्यांना मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला.

अडीचला साक्षी सुरू झाल्या. लिफ्टमधली लाळ ऑस्करचीच होती याचा पुरावा काय? सफारी हजर करा. सफारी ड्रायक्लीनिंगला गेला होता. पावती मागितली. घोषालबाई उठल्या, आणि मला वाटलं आता संपलं. पण त्यांच्या कडेवर मिष्टी होती, जीभ बाहेर काढलेली. बाई म्हणाल्या, "पहले दफा बारह पढ़िए. बिल्ली के बारे में भी लिखा है इनके कागज़ में." मग मी चौदाच्या चौदा कलमं वाचली, प्रत्येकाचं हिंदी भाषांतर आणि विवरण यांसह. सभा ऐकत होती. आजवर मी वाचलेला एकही कागद इतक्या माणसांनी इतकं शांत बसून ऐकलेला नाही. काही झोपले होते, पण ते ऑफिसातही झोपतात.

साडेतीनच्या सुमारास सचदेवांच्या लक्षात आलं. त्यांनी आधी एसीकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे, मग माझ्याकडे. "खांबेटे!" ते गरजले. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं नाव घेतलं. "तू मीटिंग नहीं कर रहा, तू कुत्ता ठंडा कर रहा है! मीटिंग बंद! सब बाहर!"

आणि त्यांनी कमरेची किल्ली काढली.

मला काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. मी एसीच्या आणि त्यांच्या मधे जाऊन उभा राहिलो, चौपन्न किलो. "हाँ, कर रहा हूँ," मी म्हणालो. "कुत्ता है, मेरे घर का है, मर रहा है. आप को जो करना है कीजिए. मैं नहीं हटूँगा." आवाज फाटला आणि डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. मंत्रालयात कोणी पाहिलं असतं तर माझी पेन्शन थांबवली असती.

 मग एसीखालच्या खाटेवरून आवाज आला. सचदेवांची आई, ऐंशीच्या पुढच्या बीजी. त्यांचं घर वरच्या मजल्यावर, छताखाली, भट्टी झालेली. त्यांना सकाळपासून दम लागत होता हे मुलाला माहीत होतं, पण सेक्रेटरीने स्वतःच्या आईसाठी स्वतःचा नियम कसा मोडायचा? साडेबाराला त्या आपणहून खाली आल्या होत्या आणि ऑस्करच्या शेजारीच खाट टाकून आडव्या झाल्या होत्या.

"ओए, बोलण दे मुंडे नूँ," बीजी म्हणाल्या. "अजे ते गवाह वी नहीं मुक्के." मुलाला बोलू दे, अजून साक्षीदारसुद्धा संपले नाहीत.

मी बेचाळीस वर्षांचा मुंडा पुन्हा उभा राहिलो आणि पुढचा साक्षीदार पुकारला.  सचदेवांनी किल्ली परत कमरेला लावली आणि आईच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसले.

पाच वाजता मृणाल ओरडली, "बाबा, गुलाबी!" मी साक्ष अर्धवट सोडून धावलो. हिरड्या गुलाबी होत्या. ऑस्करने माझ्याकडे पाहिलं आणि शेपटी फरशीवर आपटली, दोनदा. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. इतिवृत्तात त्याची नोंद आहे.

साडेसहाला अध्यक्षांनी विचारलं की वेळेअभावी सभा तहकूब करावी का. ट्रान्सफॉर्मर अजून दोन दिवस येणार नव्हता. सचदेवा उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "सुनवाई अधूरी है जी. मैं प्रस्ताव रखता हूँ, कल दोपहर बारह बजे फिर." अनुमोदन सगळ्या हॉलने दिलं, बीजींनी दोन्ही हात वर करून. सोमवारी आणि मंगळवारी सभा पुन्हा झाली. त्यानंतर वीज आली, पण उन्हाळा होताच, आणि सुनावणी काही पूर्ण झालेली नव्हती. दर रविवारी बारा वाजता ती पुढे चालू राहिली. लोक खाणं घेऊन यायचे. कल्पनाची कोथिंबीरवडी त्या सभांमुळे मयूर विहारात प्रसिद्ध झाली.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात विक्रांत आला, पांढऱ्या गाडीतून. बरोबर एक पट्टा आणि जाड साखळी.

"जिजाजी, थँक्स यार, कमाल केलीत," तो म्हणाला. "आम्ही आता मोठं काही ठेवत नाही. मयुराला छोटा कुत्रा हवाय, ती जात आता एकदम चालू आहे. याला बॉसच्या फार्महाउसवर सोडतो. गेटला शेड आहे, पत्र्याची."

"पत्र्याची," मी म्हणालो.

कल्पना स्वयंपाकघरातून बाहेर आली, म्हणजे ऑस्करच्या अंगावरून ओलांडून आली, आणि सख्ख्या भावासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मृणाल खोलीत जाऊन फाइल घेऊन आली. मला तिला सांगावं लागलं नाही. फाइल आता चार बोटं जाड झाली होती. मी चष्मा लावला आणि तिच्यातलं ताजं पान उघडलं.

"विक्रांत, याला नेता येणार नाही," मी म्हणालो. "याच्याविरुद्ध सोसायटीत प्रकरण चालू आहे. सुनावणी चालू असताना पार्टीला हलवता येत नाही."

विक्रांत हसला. मग आम्ही तिघं हसत नाही हे पाहून थांबला. तो तावातावाने वरच्या मजल्यावर गेला आणि थेट सेक्रेटरीचं दार वाजवलं. मी मागोमाग गेलो. सचदेवा दारात आले, बनियनवर. विक्रांतने त्यांना सगळं सांगितलं, हे जिजाजी वेडेपणा करतायत, कुत्रा माझा आहे, तुम्हालाही तो नकोच आहे ना, मी आत्ता घेऊन जातो.

सचदेवांनी त्याच्या हातातली साखळी पाहिली. आतून बीजींनी विचारलं, कोण आहे. सचदेवा माझ्याकडे वळले.

"खांबेटे साहब, केस पेंडिंग है ना?"

"है," मी म्हणालो.

"तो फिर नियम तो नियम है जी," ते विक्रांतला म्हणाले. "पार्टी यहीं रहेगी."

विक्रांत लालबुंद झाला. त्याने साखळी या हातातून त्या हातात घेतली. "आणि ही सुनावणी संपणार कधी?"

या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. दारावरच्या पितळी पाटीवर माझ्या नावाखाली मृणालने ऑस्करचं नाव कोरून घेतलं आहे. हिरड्या गुलाबी आहेत. अध्यक्ष गुलाबराव, तक्रारदार सचदेवा आणि मी, असे तिघे मिळून दर उन्हाळ्यात सभेची नोटीस काढतो. साक्षीदार अजून बरेच आहेत, आणि निकालासाठी आम्ही अजून तारीख लावलेली नाही.